झिंग्यांसोबत वाळलेला कोतवाल

वडशाच्या बाजारात माझं शिवणकामाचं दुकान आहे, पण लोक मला कपड्यांसाठी नाही, आवाजासाठी ओळखतात. आमच्या गावच्या शंकरपटाचा, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचा, माइक माझ्या हातात असतो. बैलजोडी सुटली की माझा आवाज सुटतो, आणि जोडी थांबली तरी तो बराच वेळ थांबत नाही, असं माझी बायको म्हणते. असो. सांगायची आहे ती डिंपलची गोष्ट. मी मध्येमध्ये येईन, त्याला इलाज नाही.

डिंपलचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान माझ्या दुकानाला लागून आहे. मधली भिंत इतकी पातळ की ती मोबाइलवर रागावली की माझी मशीन दचकते. होय, ती मोबाइलवर रागावते. उघडलेला फोन समोर ठेवून त्याला दम देते, आणि मग गिऱ्हाइकाशी मात्र लोण्यासारखं बोलते. ती मूळची गडचांदूरची. वडील चुनखडीच्या खाणीत डंपर चालवायचे. तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकली आणि आमच्या गावच्या निकेशशी लग्न करून नदीकाठी आली. निकेशचं घर ढिवरांचं. तलावात आणि वैनगंगेत जाळं टाकायचं, खपेल तो मासा विकायचा, उरलेले झिंगे छतावर वाळवायचे. वाळवण्याचं खातं तिच्या सासूकडे, वच्छलाबाईंकडे. छतावरच्या उन्हावर त्या बाईंची मालकी आहे, कावळेसुद्धा हे मान्य करतात.

डिंपलला एक वेड आहे. शिकताना तिच्या हाती एक जुना प्रोसेसर पडला होता, ८०८५ नावाचा. तिच्या जन्माच्या कितीतरी आधीचा. आता तो कुणी विचारत नाही. तिने भंगारवाल्याकडून असे दोन-चार मिळवले, बाकीचे भाग कुरिअरने मागवले, आणि स्वतःच्या हाताने एक कॉम्प्युटर जोडला. टीव्हीसारखा पडदा नाही, काही नाही. वीस-बावीस बटणं आणि लाल आकड्यांची एक छोटी पट्टी. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणालो, "डिंपल, हे तं वजनकाट्यासारखं दिसते."

"दिसू द्या ना जी," ती म्हणाली. "अमरभाऊ, तुमच्या मोबाइलच्या पोटात का का चालून राह्यलं, थे बनवणाऱ्यालेबी पुरतं मालूम नाई. अन् ह्याच्या पोटातला एक एक दाना माह्या हाताचा हाय."

दाणा म्हणजे बाइट, तिच्या भाषेत. असे दाणे ओळीने मेमरीत भरले की मशीनला काम कळतं. पण मशीन चालू झाल्याबरोबर सगळ्यात आधी कुणीतरी तिला जागं करायला हवं, बटण कोणतं दाबलं ते पाहायला हवं, आकडे दाखवायला हवेत, बाकीच्या कामांना 'आता तू ये' म्हणून हाक मारायला हवी. हे काम करणारा एक प्रोग्राम डिंपलने स्वतः लिहिला. दोन वर्षं लिहीत होती. माझ्या भिंतीपलीकडून तिची पुटपुट ऐकून मला वाटायचं बाई मंत्र शिकते आहे. त्या प्रोग्रामचं नाव तिने ठेवलं कोतवाल. गावचा कोतवाल स्वतः नांगर धरत नाही, पण तो दवंडी देतो तेव्हाच गाव गोळा होतं. नाव अगदी चपखल बसलं.

मशीन चालू केली की कोतवाल आधी रामराम घालायचा. त्या लाल आकड्यांच्या दांड्यांत इंग्रजीतला 'म' काही केल्या बसत नाही, म्हणून पट्टीवर नुसतं 'रा रा' यायचं. गावातली पोरं तिला रस्त्यात 'रा रा, डिंपलताई' म्हणू लागली. मीसुद्धा म्हणायचो.

आता पटाकडे येतो. कितीतरी वर्षं कोर्टाच्या बंदीमुळे आमचा पट बंद होता. परत सुरू झाला तेव्हा म्हातारी माणसं रडली, आणि मी माइकवर रडलो. थंडीत पट भरला की लेकी माहेरी येतात, नाटक होतं, दोन-चार सोयरिकी मैदानातच जुळतात. पण आमच्या पटात एकेक जोडी सुटते आणि जिला वेळ कमी लागला ती जिंकते. तो वेळ मोजायची दोन माणसं, दोन स्टॉपवॉचवर. एका खेपेला आमच्या गावच्या लहानूची जोडी आणि नदीपल्याडच्या सुकलूची जोडी यांच्यात एका घड्याळाने एक जिंकली, दुसऱ्याने दुसरी. मग काय, रेंग्यांच्या, म्हणजे पटाच्या हलक्या गाड्यांच्या, लाकडांचा उपयोग भलत्याच कामाला झाला. माझा माइक त्या दिवशी तुटला, तो मी अजून विसरलो नाही. समितीने शेवटी ठराव केला, आणखी एक भांडण झालं तर पट कायमचा बंद.

तेव्हा डिंपल उभी राहिली. "टायमर तू बनवते का, असं कोनी इचारलंच नाई मले," ती म्हणाली. "मी बनवते."

तिची योजना सोपी होती. धावपट्टीच्या सुरुवातीला आणि शेवटी आडवा दोरा. दोरा माझ्या दुकानातला, कच्चा, बैलाला कळणारही नाही असा. दोऱ्याचं टोक कपडे वाळवायच्या चिमट्यात धरलेल्या पुठ्ठ्याच्या तुकड्याला बांधलेलं. बैलाच्या छातीने दोरा ओढला की पुठ्ठा निसटतो, चिमट्याच्या टोकांना लावलेल्या दोन तारा एकमेकींना टेकतात, आणि मशीनला कळतं. पहिल्या दोऱ्याला मोजणं सुरू, दुसऱ्याला बंद. माणसाचा अंगठा मध्ये नाही.

सगळ्यांना पटलं. सुकलूला पटलं नाही. सुकलू म्हणजे उंच, हाडकुळा, पांढऱ्या मिशांचा माणूस. बैलांवर पोटच्या पोरांसारखं प्रेम, आणि आमच्या गावावर सवतीसारखा संशय. तो भर बैठकीत म्हणाला, "मशीन तुमच्या गावची, बाई तुमच्या गावची. पोटात का भरून ठेवलं हाय, आमाले का मालूम? लहानूची जोडी आली का हळू मोजन थे."

"दाखवते ना जी तुमाले. सगळे आकडे दाखवते."

"आकडे पाहून मले का समजते?"

मला राग आला, मी बोलणारही होतो, पण खरं सांगायचं तर आकडे मलाही समजत नाहीत. ठरलं ते असं. येत्या पटाला मशीन लावून पाहायची. पट संपल्यावर नदीपल्याडच्यांनी वेळ मानला तर पट राहील. नाही मानला तर कुलूप. डिंपल त्या दिवशी दुकानात एकाही मोबाइलवर रागावली नाही, यावरून तिला केवढं लागलं होतं ते मला कळलं.

पटाच्या आधी निकेशने मशीनला सागवानी पेटी करायला घेतली. सागाच्या जिल्ह्यात राहून प्लास्टिकचा डबा बरा दिसत नाही, असं त्याचं म्हणणं. पॉलिश चालू असताना नाजूक भाग नकोत म्हणून डिंपलने कोतवाल ज्या चिपमध्ये होता ती चिप काढून स्टीलच्या डबीत ठेवली. शेजारी त्याच कोतवालाची दुसरी प्रत असलेली चिप ठेवली. म्हणजे एक गेली तर दुसरी. बाई हुशार. आणि ती मावसबहिणीच्या लग्नाला गडचांदूरला गेली, पंधरा-वीस दिवसांसाठी.

इथे त्या चिपबद्दल थोडं सांगतो. तिच्या पाठीवर काचेची इवलीशी खिडकी असते. त्या खिडकीतून कडक ऊन बरेच दिवस आत गेलं की चिपमध्ये लिहिलेलं सगळं पुसलं जातं, आणि चिप परत कोरी होते. पुसायचं नसेल तेव्हा खिडकीवर चांदीचा कागद चिकटवतात. पुसायला वेगळा दिवा मिळतो म्हणे, पण आमच्याकडे उन्हाची काय कमी? डिंपल जुन्या चिपांचा कागद काढून त्या सुपात मांडायची आणि सासूच्या झिंग्यांशेजारी छतावर ठेवायची. वच्छलाबाई काठी घेऊन दोन्हींची राखण करायच्या. कावळ्याने एकदा एक चिप उचलून परत टाकून दिली, त्यावर त्या चार दिवस हसत होत्या.

पटाच्या आदल्या संध्याकाळी डिंपल लग्नाहून परतली. मी म्हणालो, एकदा लावून पाहा. ती म्हणाली, अंगात जीव नाही, सकाळी पाहू. मी मोठा आहे, मी ओरडायला हवं होतं, पण मला माइकची वायर शोधायची होती.

सकाळी मैदान भरलं. मंडपात टेबल, टेबलावर आरशासारखी चमकणारी सागवानी पेटी, खाली ट्रॅक्टरची बॅटरी. समितीने नारळ फोडला. डिंपलने घाईत डबीतली चिप न पाहताच बसवली, बटण दाबलं. 'रा रा' आलं नाही. एक रेघसुद्धा आली नाही. तिने दुसरी चिप बसवली. पट्टी तशीच काळी.

तिने चिप काढून उलटसुलट पाहिली. खिडकीवर चांदीच्या कागदाऐवजी लाल टिकली होती. कपाळावर लावतात ती.

"आई," तिने मंडपाच्या कडेला बसलेल्या सासूला विचारलं, "हे टिकली कोनं लावली?"

वच्छलाबाईंचा चेहरा फुलला. "मीच लावली. तू लग्नाच्या घाईत ह्या दोन वाळू घालाच्या इसरली होतीस ना. मी कागद काढली, राकेलनं पुसली, झिंग्यासंगं चांगली दोन हप्ते वाळवली. आपले झिंगे वाळले तरी ह्याइले ठेवली. मंग धूळ नको जाऊ म्हणून टिकली लावली. तुह्या कागदापरीस बरी दिसते का नाई?"

कोतवाल गेला होता. जोडप्रतीसकट. दोन वर्षांचं काम सासूने मायेने वाळवून कोरं केलं होतं. चिपमध्ये परत लिहायचं यंत्र कॉलेजचं, ते चंद्रपूरला परत गेलेलं. आणि कोतवालच नसेल तर मशीनची बटणं दाबून उपयोग नाही, कारण बटण दाबलं हे पाहणाराच तो.

डिंपल मट्कन खाली बसली. तिचे डोळे भरून आले. वच्छलाबाई उठून जवळ आल्या, कोऱ्या चिपकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, आणि त्यांना सगळं कळलं. "माह्यानं नुसकान झालं का वो पोरी?" त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. मी जोरात नाक ओढलं, आणि मी माइक बंद करायला विसरलो होतो, त्यामुळे ते सगळ्या मैदानाने ऐकलं.

त्याने की काय कोण जाणे, डिंपल हसली. रडता रडता हसली, मग सासूला धरून हसली. डोळे पुसून म्हणाली, "आई, आपल्या खुराड्याचं दार कुठी हाय?"

मला वाटलं, पोरीचं डोकं फिरलं. पण निकेशला कळलं. तो मोटरसायकल घेऊन घरी गेला आणि कोंबड्यांच्या खुराड्याचं दार उपटून घेऊन आला. ती एक प्लायची फळी होती आणि तिच्यावर घरातल्या दिव्यांची असतात तशी आठ बटणं एका ओळीत. कोतवाल जन्माला यायच्या आधी मशीनला पहिले दाणे भरवायला डिंपलने ती केली होती. काम झाल्यावर सासूने ती खुराड्याला लावली, कारण मापात बसत होती. आठ बटणं वर-खाली करायची, बाजूची घंटीची कळ दाबायची, एक दाणा आत. मग पुढचा दाणा. प्रोसेसर तोवर गप्प बसून राहतो.

"पुरा कोतवाल नाई होनार," डिंपल म्हणाली. "लहान कोतवाल करू. रामराम घालनार, दोरा पाहनार, मोजनार. बस्स."

तिने पटाची उरलेली पोस्टरं उलटी केली आणि तिथेच बसून लिहू लागली. तेवढ्यात सुकलू चार माणसं घेऊन मंडपात आला. "मशीन बिघडली म्हणता? आमाले वाटलंच होतं. आता घड्याळं काढसान, अन् मंग मागच्यावानी..."

डिंपलने मान वर केली. आणि तिचं मोठेपण मला त्या क्षणी दिसलं, कारण मी तिच्या जागी असतो तर फळी त्याच्या डोक्यात घातली असती. ती म्हणाली, "सुकलूभाऊ, बरं झालं आले. बसा जी इथी. मशीन आता रिकामी हाय. तुमीच भरा."

"मी?"

"चार बटना तुमच्या, चार आमच्या आईच्या. कोनता दाना का करते थे मी सांगते, अमरभाऊ माइकवर बोलतीन. सगळं मैदान पाहीन."

सुकलूने मागे पाहिलं, पुढे पाहिलं, आणि जोडे काढून बसला. पूजेला बसावं तसा.

मग जे झालं तसं माइकवर मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. डिंपल पोस्टरवर बोट ठेवायची, मी ओरडायचो, "खाली, खाली, वर, वर... वर, वर, वर, खाली!" सुकलू आणि वच्छलाबाई बटणं लावायचे, कळ दाबायचे. थोड्या वेळाने मैदानच माझ्यासोबत ओरडू लागलं. बैलांना काय वाटलं असेल देव जाणे. प्रत्येक बटणावर एक छोटा दिवा होता. एकदा वच्छलाबाई कडाडल्या, "तुमचा दिवा लागला नाई जी!" सुकलूने ओशाळून बटण नीट लावलं, आणि त्यानंतर तोच इतका काटेकोर झाला की कळ दाबण्याआधी आठही दिवे दोनदा पाहू लागला.

प्रत्येक दाण्याला तो विचारायचा, "हा का करते?"

"हा सांगते, दोरा निसटेपर्यंत थांब."

"अन् हा?"

"आता मोज म्हणते."

"अन् लहानूची जोडी आली तं हळू मोज म्हनते, थो दाना कोनता?"

"तो नाई जी ह्याच्यात."

सुकलूने पोस्टरवरच्या उरलेल्या ओळी शेवटपर्यंत बोटाने मोजल्यासारख्या पाहिल्या. "कोनताच नाई?"

"तुमीच भरून राह्यले ना. एकबी दाना मी टाकला का?"

"मंग ठीक," तो म्हणाला, आणि पुढचं बटण वर केलं.

उन्हं चढेपर्यंत भरणं चाललं. शेवटचा दाणा गेला. डिंपलने प्रोसेसर मोकळा सोडला, आणि पट्टीवर लाल अक्षरं उमटली. 'रा रा'. एवढ्या घाईतही बाईने रामरामाला जागा ठेवली होती. मैदानात जो गलका झाला तो पल्याडच्या गावात ऐकू गेला म्हणतात. सुकलूने पट्टीला हात जोडून रामराम घातला आणि मग इकडेतिकडे पाहिलं, कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून. मी पाहिलं, आणि माइकवर सांगितलंही.

आता भीती एकच होती. हे दाणे चिपमध्ये कोरलेले नव्हते. बॅटरीची वायर हलली की सगळं पुसून जाणार. डिंपलने हे सांगताच सुकलूने एक बाज मागवली आणि बॅटरीला लागून बसला. दिवसभर हलला नाही. बॅटरीजवळ आलेल्या समितीच्या अध्यक्षालासुद्धा त्याने "दूर व्हा जी" म्हणून हटकलं. वच्छलाबाईंनी त्याला तिथेच झिंग्यांची भाजी आणि भात आणून दिला. खाताना म्हणाला, "चांगले वाळले हायेत." बाई म्हणाल्या, "दोन हप्ते," आणि दोघेही हसले.

सुकलूची जोडी धावली तेव्हा तो उठून पाहायलाही गेला नाही. बाजेवरूनच मान लांब केली. वेळ असा आला की मी ओरडून ओरडून बेजार झालो. तोवर कुणाचाच इतका कमी वेळ नव्हता. संध्याकाळ होत आली, शेवटची जोडी उरली ती आमच्या लहानूची. सुटली, धुरळा उडाला, माझा दोरा ओढला गेला. मी पट्टीकडे पाहिलं. लहानू जिंकला होता, सेकंदाच्या एका बारीक तुकड्याने. डोळ्यांना दोन्ही जोड्या सारख्याच वाटल्या असत्या.

डिंपलचा चेहरा पांढरा पडला. मशीन आमची, जोडी आमची, आणि हरला सुकलू. मी वेळ माइकवर वाचून दाखवला. तशी नदीपल्याडची माणसं उठली. "हे पहिलेच ठरलं होतं! मशीन त्याइचीच हाय!" कुणीतरी रेंगीचं लाकूड उचललेलं मला दिसलं. मी माइक पोटाशी धरला.

सुकलू बाजेवरून उठला. एक हात बॅटरीवर तसाच ठेवून त्याने दुसरा वर केला.

"बसा खाली," तो म्हणाला. त्याला माइक लागला नाही. "का म्हनता मशीन त्याइची? मी भरलो हाय हे. माह्या हातानं, तुमच्या डोऱ्यादेखत. लबाडीचा दाना नाई ह्याच्यात, मी एक एक इचारून भरलो. माही जोडी हरली. बसा."

बसले. सगळे बसले. सुकलूने डोळे पुसले, कारण जोडी हरल्याचं दुःख खरंच होतं, आणि जाऊन आपल्या बैलांच्या गळ्यात हात टाकून उभा राहिला. डिंपल त्याच्यामागे गेली. काय बोलले मला ऐकू आलं नाही, माझं वय झालं आहे. परत आली तेव्हा ती मोठ्याने नाक शिंकरत होती.

यंदाच्या पटाला डिंपल सगळी तयारी करून बसली होती. वर्षभर राबून तिने पुरा कोतवाल परत रचला आणि चंद्रपूरला जाऊन नव्या चिपमध्ये लिहून आणला, दोन प्रती, वर चांदीचा कागद. पटाच्या महिनाभर आधी सुकलू नदी ओलांडून तिच्या घरी आला. तिने हौसेने चिप दाखवली, म्हणाली, आता कुणाला उन्हातान्हात बटणं दाबत बसायला नको. सुकलूने चिप तळहातावर घेतली, उलटून खिडकी पाहिली, आणि छताकडे नजर टाकली. तिथे वच्छलाबाई काठी घेऊन बसल्या होत्या.

"बाई," त्याने हाक मारली, "ऊन चांगलं हाय. हेबी घाला झिंग्यात."